अवघड गोल्फ कोर्सवर पहिल्यांदा खेळताना: टी-टाइम घेण्यापासून अठराव्या ग्रीनपर्यंत

सुट्टीच्या निमित्ताने एखाद्या गाजलेल्या कोर्सवर खेळायचं ठरलं की बहुतेक जण तयारी म्हणून रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जाऊन ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब पल्ल्याचा क्लब, हाणत बसतात. अवघड कोर्सवर त्याचा उपयोग फारसा होत नाही. तिथे तुमचा उत्तम फटका किती लांब जातो यापेक्षा चुकलेला फटका कुठे पडतो यावर स्कोअर ठरतो, आणि तो कुठे पडेल हे बऱ्याच अंशी चेंडूला क्लब लागण्याआधीच ठरवता येतं. न्यूयॉर्कजवळच्या बेथपेज ब्लॅक कोर्सवर पहिल्या टीपाशी (होल सुरू होतं त्या जागेपाशी) पाटीच लावलेली आहे: कोर्स अत्यंत अवघड आहे, कसलेल्या खेळाडूंनीच खेळावा. ती पाटी वाचूनही साधे हौशी खेळाडू तिथे खेळतात आणि मजेत खेळतात. त्यांना फक्त कोर्सशी कुठे भिडायचं आणि कुठे माघार घ्यायची हे ठाऊक असावं लागतं.

टी-टाइम (खेळ सुरू करायची वेळ) घेताना

प्रवासाच्या दुसऱ्याच दिवशी अवघड कोर्स ठेवू नका. अंग आखडलेलं असतं, झोपेचं वेळापत्रक बिघडलेलं असतं, आणि नव्या हवेत चेंडू किती जातो याचा अंदाज आलेला नसतो. आधी जवळपासच्या एखाद्या सोप्या कोर्सवर राउंड खेळा, मग मोठा कोर्स. सहलीचा शेवटचा दिवसही नको. पाऊस आला तर बदली दिवस हाताशी राहत नाही.

वेळ शक्यतो सकाळची घ्या. समुद्रकाठच्या कोर्सवर दुपारकडे वारा वाढत जातो. सकाळी ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची आखूड गवताची जागा, नुकती कापलेली असते आणि तिच्यावर कुणाच्या पावलांचे ठसे नसतात.

बुकिंग करताना चार गोष्टी विचारून घ्या. त्या आठवड्यात ग्रीनचं एरेशन (जमिनीत हवा खेळावी म्हणून भोकं पाडणं) आहे का? असेल तर ग्रीनभर भोकं आणि वाळू असते, पुटिंगची (ग्रीनवर चेंडू घरंगळवत भोकात घालायची) मजा जाते आणि पैसे मात्र बहुधा पूर्णच लागतात. हँडिकॅपचा, म्हणजे तुमच्या कौशल्याच्या अधिकृत आकड्याचा, दाखला लागतो का? कार्ट फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) नेता येते की फक्त रस्त्यावरून? कॅडी (बॅग वाहणारा, कोर्स ओळखणारा मदतनीस) मिळतो का, आणि मिळत असेल तर तो आधी सांगून ठेवावा लागतो का? कॅडी मिळत असेल तर इतर खर्चात काटकसर करा, पण कॅडी घ्याच. अनोळखी कोर्सवर आंधळ्या (पुढचं दिसत नाही अशा) फटक्याची दिशा आणि ग्रीनचा उतार सांगणारा माणूस सोबत असला की तीन-चार फटके सहज वाचतात.

टी निवडणं: सगळ्यात मोठा निर्णय

सोबत्यांच्या भिडेपायी मागच्या, म्हणजे ग्रीनपासून जास्त लांबच्या, टीवरून खेळणं, अवघड कोर्सवर राउंड बिघडायचं पहिलं कारण हेच.

स्कोअरकार्डावर प्रत्येक टीसमोर दोन आकडे असतात. कोर्स रेटिंग म्हणजे शून्य हँडिकॅपच्या खेळाडूचा त्या टीवरून अपेक्षित स्कोअर. स्लोप रेटिंग म्हणजे सामान्य खेळाडूला तो कोर्स त्या तुलनेत किती जड जातो याचं माप. स्लोप ५५ ते १५५ या पट्ट्यात असतो आणि ११३ हा प्रमाण आकडा मानतात. १३५च्या वर गेलेला स्लोप म्हणजे कोर्स खरोखर अवघड.

तुम्हाला किती जादा फटके मिळतात याचा हिशेब असा: हँडिकॅप इंडेक्सला स्लोपने गुणा, ११३ने भागा, आणि त्यात कोर्स रेटिंग वजा पार (कोर्ससाठी ठरलेले फटके) मिळवा. समजा इंडेक्स १८.४ आहे. मागच्या टीचा स्लोप १४२, रेटिंग ७३.८, पार ७२. उत्तर येतं २४.९, म्हणजे २५ फटके. त्याच कोर्सची पुढची टी घेतली, स्लोप १२८ आणि रेटिंग ६९.४, तर उत्तर १८.२, म्हणजे १८. टी बदलली की सात फटक्यांचा फरक पडतो. मागून खेळलात तर ते सात फटके लांब पल्ल्याच्या वुड्स आणि हायब्रिडनी, अवघड लायवरून (चेंडू पडलेल्या जागेवरून) मारावे लागतात. ते मारण्यात कसली सुट्टी?

इंडेक्स नसेल तर सोपा ठोकताळा आहे. तुमचा ५-आयर्न (मधल्या पल्ल्याचा क्लब) जितके यार्ड जातो त्याला ३६ने गुणा. १५५ यार्ड जात असेल तर साधारण ५,६०० यार्डांचा कोर्स तुमच्यासाठी योग्य. दोन टींच्या मध्ये आकडा अडकला तर पुढची टी घ्या.

टी ठरली की कार्डावर स्वतःचा पार लिहून काढा. १८ फटके मिळत असतील तर प्रत्येक होलला एक. पार-४ तुमच्यासाठी पार-५ झाला. हे पेन्सिलीने खरोखर लिहा. डोळ्यांसमोर ५ लिहिलेलं असलं की तिसऱ्या फटक्यात ग्रीनवर पोचणं अपयश वाटत नाही, आणि दुसऱ्याच फटक्यात पाण्यावरून मारायची खुमखुमी आपोआप कमी होते.

बॅगेत काय असावं

स्वतःचे क्लब नेत असाल तर ड्रायव्हरचं डोकं काढून वेगळं गुंडाळा. प्रवासी बॅगेत सगळ्यात लांब क्लबपेक्षाही उंच अशी एक काठी उभी ठेवा. बॅग उलटी आपटली तर मार त्या काठीवर जातो. रेंजफाइंडरच्या (अंतर मोजायच्या यंत्राच्या) सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच न्याव्या लागतात, चेक-इन सामानात चालत नाहीत.

क्लब भाड्याने घेणार असाल तर उंची, डावखुरे की उजवे, आणि शाफ्ट (दांडा) रेग्युलर हवा की स्टिफ (कडक) हे आधी कळवा. हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे मोजणी: नियमाने १४ क्लबपर्यंतच नेता येतात. दुसरं काम वेजचं, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबचं. भाड्याच्या सेटमध्ये पिचिंग वेजचा लॉफ्ट (डोक्याचा तिरकेपणा) ४३ अंश आणि त्यानंतर थेट ५६ अंशांचा सँड वेज, असं पुष्कळदा आढळतं. मधली जागा रिकामी असली तर ९०-१०० यार्डांवरून अर्धवट फटके मारावे लागतात, आणि नव्या क्लबने अर्धवट फटका मारण्यासारखी दुसरी डोकेदुखी नाही. पुटर आणि एक ओळखीचा वेज घरून नेता आला तर उरलेले क्लब भाड्याचे चालतात.

चेंडू डझनभर तरी ठेवा, आणि सगळे एकाच प्रकारचे. मध्येच कडक चेंडू आला की चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) आणि पुटचा अंदाज चुकतो. प्रत्येकावर स्वतःची खूण करा. दाट रफमध्ये (फेअरवेबाहेरच्या उंच गवतात) दोघांचे सारखे चेंडू सापडले आणि कोणता कुणाचा हे सांगता आलं नाही, तर नियमाने दोन्ही हरवलेले धरतात.

घरी बसून कोर्स वाचणं

उपग्रह नकाशा आणि कोर्सच्या संकेतस्थळावरचं यार्डेज बुक (होलचे नकाशे आणि अंतरं) घेऊन तासभर बसलात तरी पुरे. होल ग्रीनकडून टीकडे वाचा. ग्रीनच्या कोणत्या बाजूला चेंडू चुकला तरी चालेल? तिथे कोणत्या कोनातून यायला बरं? त्यासाठी आधीचा फटका कुठून हवा? असं मागे मागे येत टीवर पोचा.

त्याआधी स्वतःची दोन अंतरं माहीत हवीत. चेंडू हवेत किती जातो ते कॅरी, आणि पडून घरंगळल्यावर होतं ते एकूण अंतर. पाणी किंवा बंकर (वाळूचा खड्डा) ओलांडायचा तर कॅरी धरायची. पाण्यापर्यंत पोचू नये म्हणून अलीकडे थांबायचं तर एकूण अंतर धरायचं. हौशी खेळाडू नेमकं उलटं करतात, आणि तेही आयुष्यातल्या सर्वोत्तम फटक्याचा आकडा घेऊन.

एक होल उदाहरणादाखल बघू. पार-४, ३९० यार्ड. उजवीकडे तळं, टीपासून २०५ यार्डांवर सुरू होऊन २५५पर्यंत. डावीकडे २२५ ते २४० यार्डांवर बंकर. त्या पट्ट्यात फेअरवे जेमतेम २४ यार्ड रुंद. मात्र १८० यार्डांवर तोच फेअरवे ४५ यार्ड रुंद आहे. तुमच्या ड्रायव्हरची कॅरी २०५, एकूण अंतर २२५.

ड्रायव्हर घेतलात आणि फटका अगदी सरळ बसला, तर पुढे १६५ यार्ड उरतात, तेही कडक आणि बंकरांनी वेढलेल्या ग्रीनवर. थोडा उजवीकडे गेला तर तळं, थोडा डावीकडे गेला तर बंकर. आता हायब्रिडने १८० मारा. २१० उरतात. ७-आयर्नने १३० मारून ८० यार्डांवर या, वेजने ग्रीनच्या मध्यावर चेंडू टाका आणि दोन पुट घ्या. झाले ५, म्हणजे तुमचा पार. यात एकही फटका असा नाही जो तुम्ही एरवी मारत नाही. ड्रायव्हरने अचूक फटका मारूनही बहुधा ५च लागले असते, आणि जरासा चुकला असता तर ७.

असा हिशेब अठराही होलचा करायची गरज नाही. स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रम) १ ते ६ असलेल्या सहा होलचा आणि पाणी आडवं येणाऱ्या पार-३चा करा. बाकीच्या होलना एवढंच लिहून ठेवा: ‘डावीकडे जाऊ नको’ किंवा ‘ग्रीनच्या मागे जाऊ नको’.

अंतरं यार्डांत आहेत की मीटरमध्ये, हे मात्र आधी बघा. १५० मीटर म्हणजे १६४ यार्ड. रेंजफाइंडर यार्डांत आणि कोर्सच्या खुणा मीटरमध्ये, अशा गोंधळात दिवसभर चेंडू ग्रीनच्या अलीकडे पडत राहतो आणि खेळाडू स्विंगला दोष देत बसतो. फेअरवेवरच्या रंगीत खुणा आणि झेंड्याचे रंग यांचा अर्थही कोर्सगणिक बदलतो. स्टार्टरला (पहिल्या टीवरून गट सोडणाऱ्या माणसाला) विचारा.

त्या दिवशी सकाळी

टी-टाइमच्या तासभर आधी पोचा. नोंदणी, कार्ट, शूज यात वीस मिनिटं जातात.

उरलेल्या वेळात आधी पुटिंग ग्रीन. भोकाकडे बघू नका; १० पावलांवरून, मग १५ पावलांवरून पुट मारा आणि चेंडू कुठे थांबतो ते बघा. ग्रीनचा वेग स्टिम्पमीटरने मोजतात. ठराविक उतारावरून सोडलेला चेंडू सपाट ग्रीनवर जितके फूट धावतो, तो वेग. नेहमीच्या कोर्सवर ८ असेल आणि इथे ११, तर त्याच धक्क्याने चेंडू एक तृतीयांशाहून जास्त पुढे जातो. पहिल्याच होलवर तीन पुट लागतात ते यामुळेच. उतरणीचा एक पुट मुद्दाम मारून बघा.

मग सरावाच्या बंकरमध्ये पाचेक फटके. पाय रोवताना वाळू किती खोल आहे ते कळतं. वाळू मऊ आणि खोल असेल तर क्लबफेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) उघडा ठेवून क्लब चेंडूच्या मागे वाळूत घाला. पातळ आणि टणक असेल तर फेस कमी उघडा, नाहीतर क्लब उसळून चेंडूच्या पोटावर बसतो आणि चेंडू ग्रीनपार जातो. रेंजवर ३०-३५ चेंडू पुरे. शेवटचे तीन पहिल्या टीवर जो क्लब घेणार त्यानेच मारा.

स्टार्टरकडून पिन शीट (त्या दिवशीच्या भोकांच्या जागा) आणि स्थानिक नियमांचा कागद घ्या आणि तो वाचा. २०१०च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये व्हिसलिंग स्ट्रेट्स कोर्सवर डस्टिन जॉन्सनने शेवटच्या होलला वाळूच्या तुडवलेल्या पट्ट्यावर क्लब टेकवला. तिथली अशी प्रत्येक जागा बंकर मानली जाईल, असं खेळाडूंना दिलेल्या कागदावर लिहिलेलं होतं. दोन फटक्यांचा दंड झाला आणि प्लेऑफ (बरोबरी झालेल्यांमधला निर्णायक खेळ) हुकला. तुमच्या राउंडमध्ये चषक पणाला नसतो, पण कुठली वाळू बंकर आणि कुठली नाही हे माहीत असलेलं बरं.

टीपासून ग्रीनपर्यंत

पहिल्या तीन होलना ड्रायव्हर बॅगेतच राहू द्या, फेअरवे म्हणजे मोकळं रान असलं तर गोष्ट वेगळी. टी-बॉक्सवर ज्या बाजूला धोका त्याच बाजूला चेंडूची टी (खुंटी) खोचा आणि तिरकं, धोक्यापासून दूर मारा. तळं उजवीकडे तर टी उजव्या कडेला. मोकळी जागा जास्त दिसते आणि कोनही मिळतो.

आंधळा फटका असेल तर लांबची एखादी ठळक गोष्ट धरा, झाड किंवा मनोरा, आणि चेंडू कुठल्या रेषेत गेला ते दोघांनी लक्षात ठेवा. पुढचा गट टप्प्याबाहेर गेलाय याची खात्री होईपर्यंत मारू नका. काही कोर्सवर पुढे घंटा असते. तुम्ही पुढे गेल्यावर ती वाजवायची असते.

वाऱ्याचा ढोबळ हिशेब असा. समोरून ताशी १६ किलोमीटरचा वारा असेल तर साधारण १० टक्के अंतर कमी होतं, मागून तेवढाच असेल तर फक्त ५ टक्के वाढतं. १५० यार्डांचा फटका समोरच्या वाऱ्यात १६५चा धरा, पाठच्या वाऱ्यात १४२चा. समोरच्या वाऱ्यात जोर वाढवू नका. जोर वाढला की बॅकस्पिन (चेंडूची उलटी फिरकी) वाढतो, चेंडू वर चढतो आणि वारा त्याला जागीच थोपवतो. दोन क्लब मोठा घ्या, ग्रिप इंचभर खाली धरा आणि निवांत मारा. ग्रीन १० यार्ड खाली असेल तर फटका १० यार्ड कमी धरा, वर असेल तर तेवढाच जास्त. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर विरळ हवेमुळे चेंडू साधारण ६ ते ८ टक्के जास्त जातो. थंडीत उलट होतं.

डोंगराळ कोर्सवर सपाट लाय क्वचितच मिळतो. उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू पायांपेक्षा उंचावर असला तर डावीकडे वळतो, खाली असला तर उजवीकडे. चढावर चेंडू उंच आणि कमी जातो, म्हणून एक क्लब मोठा. उतारावर खालून आणि पळत जातो, म्हणून जास्त लॉफ्टचा क्लब. चढावर आणि उतारावर खांदे उताराला समांतर ठेवा, आणि चारही ठिकाणी स्विंग तीन चतुर्थांश करा.

चेंडू दाट रफमध्ये अर्धा बुडाला असेल तर ग्रीन विसरा. ९-आयर्न किंवा वेज, ग्रिप जरा घट्ट, आणि फेअरवेवर यायचा सगळ्यात जवळचा रस्ता. गवत क्लबच्या मानेला पिळा घालतं आणि फेस बंद होतो; त्यामुळे लांब क्लबने मारलेला चेंडू डावीकडे चार पावलांवर पुन्हा रफमध्येच बसतो. खोल, उभ्या भिंतीच्या पॉट बंकरमध्येही तेच. भिंतीला लागून चेंडू असेल तर आडवा काढा, लागल्यास मागे. एक फटका गेलेला परवडतो, चार नाही.

ग्रीनवर मारताना झेंडा बघायचाच नाही. मध्य धरा. अवघड कोर्सवर झेंडा मुद्दाम बंकरच्या किंवा कड्याच्या आडोशाला लावलेला असतो. टीपीसी सॉग्रासच्या सतराव्या होलवर तर चहूबाजूंनी पाणीच आहे, तिथे मध्याखेरीज काही धरणं हा शुद्ध आगाऊपणा. अपवाद एकच: ग्रीन मागून पुढे उतरती असेल तर भोकाच्या अलीकडे, खालच्या बाजूला चेंडू राहील असा क्लब घ्या. वरच्या बाजूचा दोन मीटरचा पुट खालच्या पाच मीटरपेक्षा वाईट.

पुट वाचताना ग्रीनवर चढण्याआधी, वीस-तीस पावलांवरूनच सगळी जमीन कुठे उतरते ते बघा. जवळून उतार फसवा दिसतो, विशेषतः डोंगराच्या पायथ्याशी. बर्म्युडा गवत असेल तर त्याचा कलही बघा: गवत चमकताना दिसलं तर कल तुमच्यापासून दूर, चेंडू पळेल, गडद दिसलं तर तुमच्याकडे, चेंडू अडेल.

चेंडू गेला तर

शोधायला तीन मिनिटं मिळतात, जास्त नाही. हरवण्याची किंवा हद्दीबाहेर जाण्याची शंका आली की टीवरून हलण्याआधीच ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता) असं स्पष्ट सांगून दुसरा चेंडू मारा. न सांगता मारलात तर तोच चेंडू दंडासह खेळात येतो. चेंडू नक्की पाण्यातच गेला असेल तर मात्र प्रोव्हिजनल चालत नाही.

लाल खुंट्यांच्या पेनल्टी एरियात (तळं, ओढा अशा जागेत) गेला तर एका फटक्याच्या दंडाने, चेंडू जिथून आत गेला तिथून दोन क्लबलांबीत, भोकाच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप करा. पिवळ्या खुंट्यांना ही बाजूची सवलत नाही; मागे रेषेत जायचं किंवा आधीच्या जागेवरून पुन्हा मारायचं. बंकरमधून सुटकाच नसेल तर दोन फटक्यांच्या दंडाने, भोक आणि चेंडू यांच्या रेषेत मागे जाऊन बंकरबाहेर ड्रॉप करता येतं. हा पर्याय २०१९पासून आहे, तरी पुष्कळांना माहीत नसतो.

काही कोर्सवर आणखी एक स्थानिक नियम लागू असतो: हरवलेल्या चेंडूसाठी टीवर परत न जाता दोन फटक्यांच्या दंडाने फेअरवेवर ड्रॉप. स्टार्टरला विचारून ठेवा, वेळ आणि पायपीट दोन्ही वाचतात.

हँडिकॅपसाठी एका होलवर जास्तीत जास्त किती फटके धरायचे यालाही मर्यादा आहे: पार अधिक दोन, अधिक त्या होलला मिळणारे फटके. पार-४वर एक फटका मिळत असेल तर ७. आठवा फटका मारायची वेळ आली आणि स्पर्धा नसेल तर चेंडू खिशात घाला आणि पुढच्या टीकडे चला. मागच्या गटाला थांबवून नऊ-दहा मोजण्यात कुणाचाच फायदा नाही.

चार जणांचा राउंड साधारण सव्वाचार ते साडेचार तासांत व्हायला हवा. ज्याची तयारी झाली त्याने मारावं. मागचा गट सतत ताटकळत असेल आणि पुढे होल रिकामं असेल तर त्यांना पुढे जाऊ द्या; पार-३ ही त्यासाठी सोयीची जागा, ग्रीनवर पोचल्यावर बाजूला उभं राहून त्यांना मारायची खूण करा. चौदाव्या-पंधराव्या होलपासून पाय जड होतात आणि चेंडू अलीकडे पडू लागतो. पाणी आणि थोडं खाणं दर चार होलनी घेत राहा, आणि शेवटच्या चार होलना प्रत्येक ॲप्रोचला (ग्रीनवर जायच्या फटक्याला) एक क्लब मोठा घ्या.

त्याच कोर्सवर दुसरा राउंड असेल तर अठरावी ग्रीन सोडताच कार्डाच्या मागे तीन नोंदी करा: कोणत्या होलला टीवरचा क्लब चुकला, कोणत्या ग्रीनवर उतार उलटा निघाला, आणि दंड कुठे कुठे बसला. संध्याकाळपर्यंत यातलं निम्मं आठवत नाही.